संगणक तोच, मग सॉफ्टवेअर का चालत नाही?

कणकवलीत लग्नपत्रिका जुळवणाऱ्या डीटीपीवाल्यापासून इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यापर्यंत अनेकांची एक समजूत पक्की असते: प्रोसेसर तोच, तर विंडोजवर चालणारी फाइल लिनक्सवरही चालायला हवी, नाही चालली तर लिनक्सच कच्चं. प्रोसेसरच्या आज्ञा दोन्हीकडे सारख्या, एवढं खरं. पण फाइल उघडायला किंवा प्रिंटरकडे मजकूर पाठवायला प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टिमकडेच मागणी करावी लागते, आणि ती करण्याची रीत प्रत्येकीची वेगळी. कंपाइल झालेल्या फाइलची मांडणीसुद्धा वेगळी: विंडोजवर पीई, लिनक्सवर ईएलएफ, मॅकवर माक-ओ. लोहित देवनागरी हा खुला फॉण्ट तिन्हींवर जसाच्या तसा चालतो, कारण त्यात मुख्यतः अक्षरांचे आकार असतात आणि ते वाचून रेखाटण्याचं काम ज्या-त्या सिस्टिमचं. तीच अक्षरं टाइप करू देणारा कीबोर्डचा प्रोग्राम मात्र प्रत्येकीसाठी निराळा बांधावा लागतो.

दुसरी समजूत जास्त नुकसान करते: मूळ कोड हाती आहे, तिन्हीकडे कंपाइल केला की काम संपलं. माझ्या मते खरं काम तिथून पुढे सुरू होतं. लिनक्सचं कर्नल जुन्या प्रोग्रामांना सहसा धक्का लावत नाही. अडचण येते ती लायब्ररींच्या आवृत्त्यांची. डेबियन या लिनक्स वितरणाच्या 12 व्या आवृत्तीवर नेहमीच्या पद्धतीने कंपाइल केलेला सी भाषेतला प्रोग्राम ग्लिबसी ही सी लायब्ररी किमान 2.34 मागतो, आणि डेबियन 11 वर 2.31 असते, म्हणून तो तिथे सुरूच होत नाही. उलट दिशेने मात्र तो बहुधा चालतो. त्यामुळे ज्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर प्रोग्राम चालायला हवा, तिच्यावरच तो कंपाइल करायचा. विंडोजवर जुने प्रोग्राम वर्षानुवर्षं चालतात, पण लागणारी रनटाइम लायब्ररी इन्स्टॉलरसोबत द्यावी लागते. मॅकवर कंपाइल करणं त्या मानाने सरळ; तिथे अडतं परवानगीपाशी. 2019 च्या कॅटालिनापासून इंटरनेटवरून उतरवलेला प्रोग्राम ॲपलकडून तपासून घेतलेला नसेल, तर सिस्टिम तो अडवते. त्यासाठी लागणाऱ्या डेव्हलपर खात्याची फी वर्षाला 99 डॉलर आहे, आणि एकट्याने काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ती जड जाते. शिवाय 2020 पासून मॅकचे प्रोसेसरही बदलले, म्हणून जुन्या-नव्या दोन्ही प्रोसेसरांसाठीचा कोड एकाच फाइलमध्ये भरण्याची सोय करावी लागली.

यावर कुणी म्हणेल, वाइन आहे, ब्राउझर आहे, कशाला हा खटाटोप? वाइन 1993 पासून विंडोजच्या मागण्या लिनक्सला समजतील अशा करून देतं आणि पुष्कळदा उत्तम चालतं, पण प्रिंटर किंवा डोंगलचा ड्रायव्हर आला की त्याची मर्यादा दिसते. ब्राउझर तर स्वतःच प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळा कंपाइल होतो. आपलं कष्टाचं काम दुसऱ्या कुणीतरी केलेलं असतं, इतकंच. लिनक्सवर प्रोग्राम लायब्ररींसकट पोचवणारं फ्लॅटपॅक लायब्ररींचा प्रश्न खरोखर सोडवतं, मात्र पहिल्या वेळी शेकडो एमबी उतरवावे लागतात. जिथे नेट अधूनमधून जातं, तिथे पेनड्राइव्हवरून देता येणारी ॲपइमेज, म्हणजे एकाच फाइलमध्ये बांधलेला प्रोग्राम, जास्त उपयोगी, आणि तीही जुन्या सिस्टिमवरच बांधलेली हवी.