बटण दाबायच्या आधी

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघालेल्या बोटीवर कुणी संकटाचे बटण दाबले, तर ती हाक आधी मुंबईला जात नाही. ती पोहोचते समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या बेंगळुरूत. पीण्या औद्योगिक वसाहतीत इस्रोची ‘इस्ट्रॅक’ ही संस्था आहे. अवकाशात सोडलेल्या उपग्रहांचा माग ठेवणे हे तिचे मुख्य काम. भारताचे ‘इंडियन मिशन कंट्रोल सेंटर’ही तिथेच चालते. उपग्रहाने टिपलेला संकटाचा संदेश इथे उलगडला जातो. यंत्र कुणाचे, बोट कुठे आहे, हे कळले की ती माहिती तटरक्षक दलाच्या मुंबई, चेन्नई किंवा पोर्ट ब्लेअरच्या बचाव समन्वय केंद्राकडे जाते. तिथून पुढे जहाज किंवा हेलिकॉप्टर निघते.

मी बेंगळुरूत राहतो, पण मूळचा कोकणातला. या दोन टोकांमध्ये नेमके काय घडते, हे समजून घ्यायचे म्हणून एका तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, परवानगीने मिरकरवाड्याहून ट्रॉलरवर गेलो. परतलो ते एक गोष्ट मनात पक्की करून. आपण संकटानंतरच्या यंत्रणेवर पुष्कळ विचार केला आहे. संकटाआधीच्या, डेकवरच्या रोजच्या कामाकडे मात्र तेवढ्या काळजीने पाहिलेले नाही.

आधी यंत्रणेविषयी, कारण ती खरोखर मोठी आहे. ‘कॉस्पास-सारसॅट’ ही व्यवस्था कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी ऐन शीतयुद्धात एकत्र येऊन उभारली. तिचा पहिला उपग्रह १९८२ मध्ये सुटला आणि त्याच वर्षी तिने पहिले जीव वाचवले. भारताची या व्यवस्थेतली जमिनीवरची केंद्रे बेंगळुरू आणि लखनौला आहेत. श्रीलंका, मालदीव, बांगलादेश, सेशेल्स, टांझानिया अशा देशांसाठीही बेंगळुरूचे केंद्र संदेश हाताळते. व्यापारी जहाजावर ‘ईपर्ब’ नावाचे यंत्र असते. ते ४०६ मेगाहर्ट्झवर साधारण दर पन्नास सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा संदेश सोडते आणि निदान ४८ तास सोडत राहते. जहाज बुडाले तर चार मीटर खोली गाठण्याआधीच पाण्याच्या दाबाने त्याची कडी सुटते, यंत्र वर येते आणि आपोआप चालू होते.

मासेमारी बोटींसाठी इस्रोने स्वतंत्र यंत्र बनवले, ‘डॅट’. २०१० पासून ते वापरात आहे आणि अशी २०,००० हून अधिक यंत्रे बोटींवर गेली आहेत. जुन्या डॅटमध्ये एक मोठी उणीव होती. बटण दाबल्यावर आपली हाक कुणी ऐकली की नाही, हे खलाशाला कळत नसे. २०१७ च्या ओखी वादळात संदेशाच्या या एकाच दिशेची किंमत कळली. केरळ-तमिळनाडूच्या कित्येक बोटी आधीच खोल समुद्रात गेल्या होत्या आणि इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचवायला वाट नव्हती. वाऱ्याने भरकटलेल्या बोटींपैकी अनेक सिंधुदुर्गात देवगडच्या आश्रयाला आल्या. २०२४ मध्ये इस्रोने दुसऱ्या पिढीचे डॅट आणले. त्यावर ‘संदेश मिळाला’ अशी पोच येते, वादळाचा इशारा येतो आणि ब्लूटूथने मोबाइलला जोडले की तो आपल्या भाषेत वाचता येतो. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरमध्ये एक लाख बोटींवर दोन्ही दिशांनी संदेश नेणारे ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. तेही तंत्र इस्रोचेच.

एवढे सगळे असूनही बेंगळुरूच्या पडद्यावर प्रथम उमटतो तो यंत्राचा सांकेतिक क्रमांक. त्यावरून नोंदवहीत बोटीचे नाव, मालक आणि फोन नंबर शोधायचा. फोन लावायचा, कारण धक्का लागून किंवा हाताळताना चुकून चालू झालेली यंत्रे जगभर खऱ्या हाकांपेक्षा कितीतरी जास्त असतात. बोट विकली गेली, मालकाने सिम बदलले आणि नोंद जुनीच राहिली, तर खऱ्या संकटात ती मिनिटे फुकट जातात. बंदरात यंत्राची बॅटरी तपासणारे भेटतात. ‘नोंदीतला नंबर चालू आहे का?’ हा प्रश्न विचारणारे फार थोडे.

आता डेकवर येऊ.

आम्ही पहाटेच्या अंधारात निघालो. बोटीवर लाइफ जॅकेटे होती, माणशी एक. केबिनच्या छताखाली दोरीने आवळलेली, काही अजून प्लास्टिकच्या वेष्टनात. तपासणीच्या दिवशी ती मोजली जातात आणि मोजणीत बरोबर भरतात. अंगावर मात्र एकाच्याही नव्हते. तांडेलाने त्याचे कारण सरळ सांगितले: हे जाडजूड जॅकेट घालून जाळे ओढता येत नाही, जॅकेट जाळे ओढणाऱ्या विंचमध्ये अडकते आणि घामाने जीव जातो. हे कारण टाळाटाळीचे नाही. ही जॅकेटे बोट सोडून पाण्यात उतरणाऱ्या प्रवाशासाठी बनवली आहेत, वाकून काम करणाऱ्या माणसासाठी नव्हेत. कामाचे वेगळे जॅकेट मिळते. पट्ट्यासारखे गळ्याशी बसणारे, पाण्यात पडल्यावर फुगणारे. ते महाग असते आणि त्याच्या गॅसच्या नळकांड्याची निगा ठेवावी लागते. त्यामुळे मालक मोजणीपुरते स्वस्तातले घेतो आणि नियम पाळला जातो.

तीसेक वाव पाण्यात जाळे सोडले. दोनतीन तास ओढल्यावर ते वर घ्यायची वेळ आली. बोटीवरचे सर्वांत धोक्याचे काम तेच. इंजिनाच्या जोरावर विंच फिरते आणि दोन बाजूंच्या वायररोप ड्रमवर गुंडाळल्या जातात. वायर एका जागी ढीग करून बसू नये म्हणून एक खलाशी ती लाकडी दांड्याने डावी-उजवीकडे सरकवत राहतो. फिरता ड्रम त्याच्यापासून हातभर अंतरावर. ड्रमभोवती जाळी नव्हती. वायरचे तुटके तंतू सुईसारखे बाहेर आलेले असतात. ते हातमोज्यात अडकले तर हात आत ओढला जातो, म्हणून तो मोजे घालत नाही. मोजे नाहीत म्हणून तळव्यांवर जुन्या जखमांचे व्रण. दोन्हीकडे धोका, आणि त्याने त्यातला कमी वाटला तो पत्करलेला.

मग पाण्यातून जड फळ्या वर आल्या. जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या या लोखंडी पट्ट्यांच्या फळ्या लाटेबरोबर बोटीच्या कडेवर आदळत होत्या. ताणलेली वायर तुटली तर ती ज्या रेषेत फटकारते, तिथे कुणी उभे राहायचे नसते. तांडेलाने केबिनमधून हात वर केला, विंचवरच्याने ब्रेक दाबला, तरीही एक पोरगा त्याच रेषेत वाकून साखळी अडकवत होता. तांडेलाची हाक इंजिनाच्या आवाजात विरून गेली. तो मुलगा नेपाळचा. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने काम करतात. डोंगरातून आलेल्या यांतल्या कित्येकांना पोहता येत नाही. भिंतीवर चिकटवलेल्या मराठी-इंग्रजी सूचना त्यांच्या कामाच्या नाहीत. शेजारच्या खलाशाने खांद्याला धरून त्याला मागे घेतले. त्या बोटीवरचा प्रत्यक्ष चालणारा सुरक्षा-नियम तो होता, आणि तो कुठे लिहिलेला नव्हता.

मासळी डेकवर ओतली की वेचणी सुरू होते. शिंगाळ्याचा काटा तळव्यात घुसला तर हात दिवसभर ठणकतो. पाकटाच्या शेपटीचा काटा त्याहून वाईट. आणि ढिगात समुद्री सापही असतात. बेंगळुरूच्या ‘दक्षिण फाउंडेशन’च्या संशोधकांनी सिंधुदुर्गात मालवणच्या मच्छीमारांबरोबर राहून जाळ्यात सापडणाऱ्या या सापांचा अभ्यास केला आहे. चावा अनेकदा दुखतही नाही. काही तासांनी स्नायू आखडतात, लघवी काळपट होते, मूत्रपिंडांवर परिणाम होतो. आपल्या सरकारी दवाखान्यांत मिळणारे सर्पविषावरचे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून बनते. समुद्री सापावर त्याचा भरवसा नाही. म्हणजे इथे खरा उपाय एकच, हात लावायचा नाही. त्यासाठी लांब चिमटा किंवा काठी हवी. ढिगावर वाकलेला माणूस दोन तास झोपून उठलेला असेल, तर काठी शोधत बसत नाही. हाताने उचलून फेकतो.

झोपेचा हा मुद्दा कोणत्याही उपकरणाहून मोठा आहे. व्यापारी जहाजावरच्या खलाशाला २४ तासांत निदान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे. सागरी श्रम करार, २००६ हे सांगतो आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. मासेमारी बोटी मात्र त्या कराराच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००७ मध्ये वेगळा करार केला, क्रमांक १८८. तोही २०१७ पासून जगात अमलात आला. किमान वय १६, लेखी कामाचा करार, वैद्यकीय दाखला, तीन दिवसांहून जास्त समुद्रात राहणाऱ्यांना रोज दहा आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती, अशी त्यातली कलमे साधीच आहेत. ही कलमे आपल्या बोटींपर्यंत पोहोचलेली नाहीत. एकाच समुद्रात, एकाच लाटेवर, जहाजावरच्या माणसाला एक कायदा आणि बोटीवरच्याला दुसरा, हे मला पटत नाही.

फरक आणखी एका ठिकाणी ठळक दिसतो. मासळीच्या खणात मासळी कुजली की तिथला प्राणवायू कमी होतो आणि हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. एक माणूस आत उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. जहाजावर अशा बंद जागेत उतरायला लेखी परवानगी लागते, हवा तपासावी लागते, आणि २०१५ पासून दर दोन महिन्यांनी त्याचा सरावही सक्तीचा आहे. ट्रॉलरवर खणाचे झाकण उघडून पोरगा खाली उडी मारतो.

मे २०२१ चे तौक्ते वादळ मुंबईकर विसरलेले नाहीत. समुद्रातल्या तेलक्षेत्रात कामावर असलेल्या ‘पी-३०५’ या बार्जवर २६१ माणसे होती. बार्ज बुडाल्यावर नौदलाने ज्यांना पाण्यातून काढले, त्यांतले कितीतरी जण लाइफ जॅकेटच्या आधाराने तासन्‌तास खवळलेल्या समुद्रात तरंगत होते. त्या दुर्घटनेत फार मोठी जीवितहानी झाली. इशारा मिळूनही काम कधी थांबवायचे, हा प्रश्न तिने उभा केला. त्याबरोबर हेही दाखवून दिले की बचाव पथक येईपर्यंत माणूस पाण्यावर राहिला, तरच बचावाला अर्थ आहे. उपग्रह जागा सांगतो, तरंगायचे काम अंगावरच्या जॅकेटलाच करावे लागते. रात्री एकटा डेकवर गेलेला खलाशी लघवीला कडेवर उभा राहून तोल जाऊन पडला, तर बटण दाबणारा कुणी नसतो. तो नाही, हे सकाळी कळते.

उपाय फार दूरचे नाहीत, आणि त्यांना योग्य वेळही आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नौका शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होतात, इंजिने उघडली जातात. त्याच दोन महिन्यांत विंचच्या ड्रमला लोखंडी जाळी बसू शकते, एखाद्या वेल्डरचे ते काम आहे. ब्रेकवर उभ्या माणसाने दुसरे काहीही करायचे नाही, आणि वायर ताणलेली असताना डेकवर लाल रंगाने आखलेल्या पट्ट्यात पाऊल ठेवायचे नाही, एवढे ठरवता येते. खण उघडून हवा खेळू दिल्याशिवाय आणि वर एक माणूस उभा असल्याशिवाय आत उतरायचे नाही. रात्री आणि जाळे ओढताना कामाचे जॅकेट अंगावर. ते घ्यायला सरकारने डिझेलसाठी देते तशीच मदत द्यावी आणि तपासणीत जॅकेटे मोजण्याऐवजी ती घालून काम करून दाखवायला सांगावे. सराव मराठीत घ्यावा आणि हिंदी-नेपाळीतही. यंत्राच्या नोंदीतला फोन नंबर दर हंगामाआधी बेंगळुरूला कळवलाच पाहिजे.

हे करायला मत्स्यव्यवसाय विभाग, मच्छीमार सहकारी संस्था आणि बोटमालक एका जेटीवर एक दिवस एकत्र आले तरी पुरे. पैशाचा हिशोब मांडणाऱ्या मालकांना मी एवढेच सांगेन: जखमी खलाशाला घेऊन जाळे अर्धवट सोडून परतलेल्या बोटीचे डिझेल, बर्फ आणि मासळी एकदा मोजून पाहा. आणि घरी पैसे पाठवायचे आहेत म्हणून जी पोरे नेपाळहून रत्नागिरीत येतात, त्यांचा जीव या हिशोबात आधी धरा. येत्या १ ऑगस्टला बंदरातून सुटणाऱ्या प्रत्येक बोटीवर निदान एवढ्या गोष्टी झालेल्या असाव्यात.