एक केसपेपर, दोन वैद्य

पांढरपेशा वर्गाच्या घरांतील औषधांच्या कपाटाकडे सहज दृष्टि टाकली, तर आपल्या मनाची द्विधा स्थिति तेथें स्पष्ट दिसून येते. वरच्या खणांत रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या, खालच्या खणांत आसव-अरिष्टांच्या बाटल्या आणि एका कोपऱ्यांत साबुदाण्याएवढ्या होमिओपथिक गोळ्यांची शिशी! घरांतील वडील माणसें तिन्ही प्रकारचीं औषधें सारख्याच श्रद्धेनें घेत असतात. परंतु डॉक्टरांसमोर आसवाचें नांव काढावयाचें नाहीं आणि वैद्यांना डॉक्टरांच्या गोळ्या सांगावयाच्या नाहींत, असा अलिखित नियम पुष्कळ कुटुंबांत पाळला जातो. एक रागावतील ही भीति, दुसरे वाईट वाटून घेतील हा संकोच. या मौनाची किंमत काय पडूं शकते, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

या विचाराला पिंपरी-चिंचवडचा परिसर फार सोयीचा आहे. मोरया गोसावींच्या समाधीमुळें चिंचवड आपल्या घरोघरीं परिचित आहे. पिंपरीचें नांव मात्र देशभर झालें तें पेनिसिलिनमुळें. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें भारत सरकारनें १९५४ सालीं येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना स्थापन केला. आधुनिक औषधविद्येचें हें माहेरघर. आणि त्याच पिंपरींत, संत तुकाराम नगरांत, आज डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या छत्राखालीं आधुनिक वैद्यक, आयुर्वेद व होमिओपथी अशीं तिन्ही महाविद्यालयें नांदत आहेत. चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून पाळी संपवून येणारा, पाठदुखीनें व आम्लपित्तानें गांजलेला तरुण इंजिनियर येथें येतो, तेव्हां तिन्ही दारें त्यास उघडीं असतात. त्यानें कोणत्या दारांत शिरावें, आणि एका दारांतून दुसऱ्या दारांत जातांना आपल्याबरोबर काय न्यावें, हा खरा प्रश्न आहे.

दोन शास्त्रांचा मेळ घालण्याची कल्पना नवी नाहीं. पुण्याचें टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ सालीं व मुंबईचें पोदार आयुर्वेद महाविद्यालय १९४१ सालीं निघालें. कर्नल चोप्रा यांच्या समितीनें १९४८ सालीं दोन्ही शास्त्रांच्या समन्वयाचा पुरस्कार केला. आपल्या प्रांतांतहि मिश्र अभ्यासक्रम चालला. परंतु एकाच विद्यार्थ्याच्या डोक्यांत दोन शास्त्रें भरण्याचा परिणाम असा झाला कीं, पुष्कळ पदवीधर बाहेर पडतांच टांचणी-पिचकारीकडे वळले आणि चरक-सुश्रुत कपाटांत राहिले. त्यावरून आम्हांस असें वाटतें कीं, मिश्रण वैद्याच्या डोक्यांत न होतां रोग्याच्या केसपेपरावर व्हावें. आपापल्या शास्त्रांत मुरलेल्या दोन जाणत्यांनीं एकच कागद वाचावा, हा समन्वयाचा अधिक सुरक्षित मार्ग होय.

या मार्गाची पहिली अट ही कीं, दोघांचीहि परीक्षा एकाच कसोटीवर व्हावी. आयुर्वेदाच्या अभिमान्यांनीं या कसोटीस भिण्याचें कारण नाहीं. भगंदरावर सुश्रुतानें सांगितलेलें क्षारसूत्र घ्या. निवडुंगाचा चीक, मंगळागौरीच्या पत्रींतून आपल्या परिचयाच्या आघाड्याचा क्षार आणि हळद यांचीं पुटें दिलेला हा दोरा. काशी हिंदु विद्यापीठांत डॉ. पी. जे. देशपांडे यांनीं त्याचें पुनरुज्जीवन केलें. पुढें भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें अनेक रुग्णालयांत त्याची शस्त्रक्रियेशीं तुलना करून १९९१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका वर्षांत रोग उलटण्याचें प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के, तर क्षारसूत्रानंतर ४ टक्केच आढळलें. मात्र जखम भरून येण्यास शस्त्रक्रियेनें सुमारें चार आठवडे लागले, तेथें क्षारसूत्रानें आठ लागले. असा हिशेब समोर असला म्हणजे रोग्याला आपली निवड डोळसपणें करतां येते. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग १९४९ सालीं ब्रिटिश नियतकालिकांत मांडला, तेव्हां साऱ्या जगाचें लक्ष या मुळीकडे वळलें. उलट, होमिओपथीचा उपयोग विश्वसनीय रीतीनें सिद्ध झालेला असा एकहि विकार आढळत नाहीं, असा निर्णय ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यक-संशोधन परिषदेनें २०१५ सालीं दिला. कसोटी एकच ठेवावयाची, तर तिचा असाहि निकाल ऐकावाच लागेल.

दुसरी अट म्हणजे मौन सोडणें. सुंठ, मिरी व पिंपळी यांच्या त्रिकटूचें उदाहरण येथें बोलकें आहे. मिरींतील पायपरिन या द्रव्यामुळें कांहीं औषधें रक्तांत अधिक प्रमाणांत उतरतात, हें जम्मूच्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें. त्याच्या योगानें क्षयावरील रिफँपिसिनची मात्रा ४५० ऐवजीं २०० मिलिग्रॅम ठेवणारी गोळी आपल्याकडे निघाली. हा लाभ झाला. परंतु फेफऱ्यावर फेनिटॉइन घेणाऱ्यानें वैद्यांचें त्रिकटु डॉक्टरांस न सांगतां चालू केलें, तर त्याच गुणामुळें फेनिटॉइन रक्तांत वाढून अपाय होऊं शकतो. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यानें रक्तदाब चढतो; मधुमेहाच्या गोळ्यांवर कारल्याचा रस घेतल्यास साखर अवाजवी उतरण्याचें भय असतें. कोरोनाच्या सांथींत गुळवेलीचे काढे घरोघरीं झाले; २०२१ सालीं मुंबईच्या डॉक्टरांनीं गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचें प्रसिद्ध केलें. वापरलेली वनस्पति खरी गुळवेलच होती काय, असा आक्षेप आयुष मंत्रालयानें घेतला. परसांतून कोणती वेल तोडली आणि ती किती दिवस उकळून घेतली, हें केसपेपरावर असतें, तर हा वाद इतका अवघड झाला नसता.

तिसरी अट जबाबदारीची. आयुर्वेदाच्या पदव्युत्तर शल्यविदांस ५८ प्रकारच्या शस्त्रक्रिया करण्याची मुभा २०२० च्या नोव्हेंबरांत मिळाली, तेव्हां डॉक्टरांच्या संघटनेनें देशभर काम बंद ठेवलें. त्या वादांत दोन्ही पक्ष हक्कांविषयीं पुष्कळ बोलले. रोग्याच्या दृष्टीनें महत्त्वाचा प्रश्न एवढाच कीं, रात्रीं-अपरात्रीं प्रकृति बिघडली तर उत्तरदायी कोण? एकाच आवारांत तिन्ही शास्त्रें असल्यानें हा प्रश्न आपोआप सुटत नाहीं. तो रोग्याच्या नातेवाइकांनीं उपचारापूर्वीं विचारला पाहिजे, आणि त्याचें उत्तर लेखी मागण्यांत कसलाहि अविनय नाहीं.

हें सारें मोठ्या विद्यापीठावरच सोंपवावें असेंहि नाहीं. बहुतेक घरांत औषधांची व्यवस्था गृहिणीच्या हातीं असते. तिनें एक साधी वही घालावी. घरांतील प्रत्येकाच्या नांवें एक पान. त्यावर गोळी, काढा, चूर्ण, आसव, जें कांहीं पोटांत जातें तें सर्व, मात्रेसह व तारखेसह. ही वही डॉक्टरांपुढें उघडावी व वैद्यांपुढेंहि उघडावी. जो ती वाचण्याचें नाकारील, तो कितीहि नामांकित असला तरी त्याचें औषध घेण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. आणि चालू असलेली गोळी कोणाच्याहि केवळ तोंडी सांगण्यावरून, ती लिहून देणाऱ्यास न विचारतां, बंद करूं नये. पिंपरीस जाणें घडो वा न घडो, एवढें कोणत्याहि घरीं आजच करतां येण्यासारखें आहे.