एका जुवाला दोन बैल : गाडीतल्या घराच्या बॅटऱ्या कशा बदलायच्या

आज मोटारहोमच्या बॅटऱ्यांबद्दल बोलू. म्हणजे इंजिन चालू करणारी बॅटरी नव्हे, तर आतले दिवे, पंखा, फ्रिज चालवणारी. सुरुवात वाराणसीपासून करतो, कारण हा धडा मला तिथे मिळाला.

एप्रिल महिना होता. आईला काशी दाखवायची म्हणून आम्ही पुण्याहून आमची गाडी घेऊन गेलो होतो. गोदौलिया, दशाश्वमेधच्या गर्दीत एवढं धूड नेण्याचा प्रश्नच नव्हता. गाडी शहराबाहेर लावली आणि घाटाकडे ई-रिक्षाने जायला लागलो. दुसऱ्या रात्री दोन वाजता इन्व्हर्टर ओरडायला लागला. पंखा थांबला, फ्रिज बंद पडला. फ्रिजमध्ये आईचं इन्सुलिन होतं. उजाडेपर्यंत फ्रिजचं दार कुणाला उघडू दिलं नाही. सकाळी जवळच्या औषधवाल्याने ते आपल्या फ्रिजमध्ये ठेवून घेतलं, म्हणून निभावलं.

मला कळेना, की दोनपैकी एक बॅटरी तर दिवाळीतच नवी घातली होती, मग असं कसं झालं? ई-रिक्षांच्या चार्जिंग शेडमध्ये एक मिस्त्री भेटले. त्यांनी दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवल्या, तासभर तशाच ठेवल्या आणि मग मीटर लावला. नवी १२.३ व्होल्ट, जुनी १०.५. ते हसून म्हणाले, "साहब, हम तो चारों एक साथ बदलते हैं।"

आता हे गणित समजून घ्या. बारा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. सहाही धड असतील तर भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. एक सेल गेला की उरतात १०.५. माझ्या जुन्या बॅटरीचा एक सेल मेला होता आणि शेजारची नवी बॅटरी रात्रंदिवस तिच्यात वीज ओतत होती. एका जुवाला म्हातारा आणि तरणा बैल जुंपला, तर म्हातारा चालत नाहीच, तरणाही थकतो. म्हणून पहिला नियम : एकत्र जोडलेल्या बॅटऱ्या म्हणजे एकच बॅटरी. कंपनी एक, क्षमता एक, वय एक. बदलायच्या तर सगळ्या.

ई-रिक्षात बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात : एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला. व्होल्ट वाढून ४८ होतात. आपल्या गाडीत बहुधा पॅरलल जोडणी असते : प्लसला प्लस, मायनसला मायनस. व्होल्ट बाराच राहतात, साठा दुप्पट होतो. नियम मात्र दोन्हीकडे तोच.

पहिली बॅटरी लवकर का गेली?

खरी चूक आणखी जुनी होती. गाडी बांधणाऱ्याने इन्व्हर्टरच्या दोन्ही जाड वायरी पहिल्याच बॅटरीवर बसवल्या होत्या. दुसरीची वीज जोडवायरीतून फिरून येणार, म्हणजे तिला अडथळा जास्त. परिणामी पहिली जास्त राबते आणि आधी मरते. दिवाळीत दुकानदाराने तेवढी एक बदलली आणि वायरी होत्या तशाच ठेवल्या. रोग राहिला, रोगी बदलला.

उपाय फुकटचा आहे. प्लसची वायर पहिल्या बॅटरीवरून घ्या, मायनसची शेवटच्या बॅटरीवरून. मधल्या जोडवायरी सारख्या जाडीच्या आणि सारख्या लांबीच्या ठेवा. मग दोघींवर भार सारखा येतो.

वायर आणि फ्यूज

१००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराने बारा व्होल्टवर चालला, तर घट धरून जवळपास १०० अँपिअर खेचतो. घरच्या प्लगची वायर इथे चालणार नाही. तांब्याची, ३५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या आणि अंतर शक्य तितकं कमी ठेवा. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत मुख्य फ्यूज हवाच. फ्यूज यंत्रासाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर कुठे पत्र्याला घासली आणि मध्ये फ्यूज नसेल, तर झोपेतच गाडी पेटते.

बदलताना क्रम

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. जोडण्यांचा फोटो घ्या, वायरींना चिकटपट्टीवर खुणा लिहून लावा. सगळी यंत्रं बंद करा. छतावर सोलर असेल तर आधी पॅनल सोडवा, बॅटरी नंतर. काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी. कारण बहुतेक गाड्यांत मायनस गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो. तो सुटलेला असला, की प्लसचा नट आवळताना पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. पान्याच्या दांड्यालाही चिकटपट्टी गुंडाळा.

नव्या बॅटऱ्या जोडण्यापूर्वी प्रत्येक वेगळी पूर्ण चार्ज करा. मग जोडा, पट्ट्याने घट्ट बांधा, टर्मिनलवर पेट्रोलियम जेली लावा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासा, शिसं मऊ असतं.

कोणती घ्यावी?

घरच्या इन्व्हर्टरची पाणी भरायची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडते, म्हणून अनेक जण तीच पलंगाखाली ठेवतात. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने भडका उडू शकतो. शिवाय गाडीच्या धक्क्यांनी ॲसिड सांडतं. ती घ्यायचीच तर बंद पेटी करा आणि पेटीच्या वरच्या भागातून गाडीबाहेर नळी काढा. सीलबंद जेल किंवा एजीएम बॅटरी त्यापेक्षा बरी, पण हवा खेळती तिलाही लागते.

कोणतीही लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याहून खाली उतरवू नका. वापर थांबवून काही वेळाने १२.२ व्होल्ट दिसले, की निम्मी संपली समजा. म्हणजे १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीतून १८०० नव्हे, ९०० वॅट-अवरचाच हिशोब धरा.

लिथियम आयर्न फॉस्फेट हलकी असते आणि जवळजवळ सगळा साठा वापरू देते. पण ती जुन्या लेड-ॲसिडच्या जोडीला लावायची नाही, आणि तिच्या जातीचा चार्जर हवा. इंजिनाच्या अल्टरनेटरला ती थेट जोडली, तर इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लावा.

जुन्या बॅटऱ्या रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला विकू नका. फोडल्या की शिसं आणि ॲसिड मातीत जातं. विक्रेत्याला परत द्या, किंमत वळती होते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ चाही रोख जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्वापराकडे जाव्यात हाच आहे.

आम्ही वाराणसीतच दोन्ही बॅटऱ्या बदलल्या. काही महिनेच वापरलेली, जवळजवळ नवी बॅटरी सोडून देताना मन तयार होत नव्हतं. मिस्त्रींनी तिच्यावर भाराची चाचणी करून दाखवली. तीही थकलेली निघाली. ई-रिक्षावाल्याला रोजच्या कमाईत बॅटऱ्यांचा खर्च काढायचा असतो, तरी तो चारही एकदम बदलतो, कारण एक बदलली तर पुन्हा चारांचे पैसे भरावे लागतात हे त्याने सोसलेलं असतं.

त्या रात्री फ्रिज चालू राहिला. आज घरी गेल्यावर गाडीची पेटी उघडा आणि एवढंच बघा : दोन्ही जाड वायरी एकाच बॅटरीवर तर नाहीत ना? भेटू पुढच्या भागात.