वावरात सोयाबीन, तरी पावडरचा डबा? डाळ-भाकरीवर शरीर घडवण्याचा सरळ हिशेब

पहाटे पाच वाजता वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही मोठ्या गावाच्या रस्त्यावर उभे राहा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. गोळा मुलांचा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. यातली बरीच पोरे आपल्या वस्तीतली असतात. धावून आल्यावर एक प्लेट तर्री-पोहे, दोन कप चहा आणि मग अभ्यासिका.

अशाच एका अभ्यासिकेत एका मुलाने मला विचारले, "ताई, घरी मटण महिन्यातून एखाद्या वेळी होते. पावडरचा डबा परवडत नाही. मंग बॉडी कशी बनन?" शेजारच्या मुलीचा प्रश्न उलटा होता. तिला पोटावरची चरबी कमी करायची होती, म्हणून तिने रात्रीचे जेवणच बंद केले होते. तिसऱ्या आठवड्यात तिला मैदानात चक्कर आली.

दोघांच्याही घरच्यांच्या वावरात सोयाबीन होते. हा लेख त्या दोघांसाठी आहे.

आधी एक गैरसमज दूर करू

हा लेख कोणालाही मांसाहार सोडायला सांगत नाही. शाकाहारी म्हणजे शुद्ध आणि मांसाहारी म्हणजे हलका, ही उतरंड आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या सोसली आहे. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात गोमांसाचा प्रश्न आणि अस्पृश्यतेचा उगम यांचा संबंध मांडला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांनी मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत फरक केला. त्यामुळे ताटात काय आहे यावरून माणसाची प्रत ठरवण्याचा उद्योग आपण करायचा नाही, आणि कोणी केला तर ऐकूनही घ्यायचा नाही.

मुद्दा वेगळा आहे. आपल्यातले काहीजण स्वेच्छेने वनस्पतिजन्य आहार घेतात, काहीजण वर्षावासाच्या तीन महिन्यांत घेतात, आणि पुष्कळांच्या घरी परिस्थितीमुळेच आठवड्यातले सहा दिवस वरण-भाजी असते. अशा ताटावर चरबी कमी होते का? स्नायू वाढतात का? उत्तर आहे, होय. मात्र त्यासाठी अंदाजाने नाही, मोजून खावे लागते.

वर्ध्याने हा प्रयोग आधी केला आहे

१९३४ च्या अखेरीस वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. त्याचे काम मगनवाडीतून चाले आणि ते जे. सी. कुमारप्पा पाहत. १९३५ मध्ये गांधीजींनी मगनवाडीतल्या रहिवाशांच्या जेवणात सोयाबीन आणले आणि त्याबद्दल 'हरिजन' मध्ये लिहिले. गांधींशी आपले मतभेद जगजाहीर आहेत आणि ते राहतील. पण गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिने कशी येतील, हा प्रश्न आपल्याच शहरात नव्वद वर्षांपूर्वी विचारला गेला होता, हे विसरायला नको.

आज चित्र कसे आहे? जिल्ह्यात जिकडे पाहाल तिकडे सोयाबीन. ते बाजार समितीत जाते, तिथून तेलाच्या कारखान्यात. तेल आपल्या कढईत येते, आणि प्रथिनांनी भरलेली ढेप मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. जे पीक आपण पिकवतो, त्यातले तेल आपण खातो आणि ताकद दुसरीकडे जाते. मग आपलाच पोरगा उसने पैसे घेऊन पावडर आणतो.

प्रथिने किती लागतात?

आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे सर्वसाधारण प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. स्नायू वाढवायचे असतील किंवा चरबी कमी करताना असलेले स्नायू टिकवायचे असतील, तर सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत जावे. म्हणजे ६५ किलोच्या मुलाला रोज साधारण १०० ग्रॅम, ५० किलोच्या मुलीला ८० ग्रॅम.

वनस्पतींची प्रथिने हलक्या दर्जाची असतात, असे जिममध्ये सांगितले जाते. त्यात अर्धेच तथ्य आहे. डाळीत लायसिन भरपूर पण मेथिओनिन कमी, धान्यात याच्या उलट. दोन्ही दिवसभरात पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून निघते. आपल्या आज्यांनी वरण-भात आणि डाळ-भाकरी एकत्र वाढली, ती चुकीची नव्हती. सोयाबीनमध्ये तर आवश्यक अमिनो आम्ले एकट्यातच चांगल्या प्रमाणात असतात.

ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १९ पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणारे आणि १९ मिश्र आहार घेणारे तरुण होते. दोन्ही गटांना दर किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिने मिळतील अशी सोय केली आणि बारा आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. स्नायूंची वाढ आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच निघाली. प्रथिनांचा आकडा पूर्ण झाला की ती कोठून आली याने फार फरक पडला नाही.

एका दिवसाचे ताट

६५ किलोच्या, रोज धावणाऱ्या आणि थोडी चरबी कमी करायची असलेल्या मुलाचा हा हिशेब. वजने कच्च्या, कोरड्या धान्याची आहेत. दूध-दही घेत असाल तर चांगलेच, पण इथे ते धरलेले नाही.

• सकाळी धावून आल्यावर: रात्री भिजवलेले हरभरे, ५० ग्रॅम. प्रथिने साडेनऊ ग्रॅम.
• न्याहारी: ६० ग्रॅम बेसनाचे धिरडे, कांदा-टमाटर घालून. १३ ग्रॅम.
• दुपारी: १२० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरी, ५० ग्रॅम तुरीच्या डाळीचे घट्ट वरण, पालेभाजी, चमचाभर जवसाची चटणी. २८ ग्रॅम.
• संध्याकाळी: ४० ग्रॅम फुटाणे आणि मूठभर शेंगदाणे. १३ ग्रॅम.
• रात्री: ५० ग्रॅम सोया वडीची रस्साभाजी, दोन पोळ्या, काकडी-मुळा. ३६ ग्रॅम.

बेरीज शंभराच्या घरात जाते. दिवसभराचे तेल पाच चमच्यांत बसवले तर उष्मांक दोन हजारांच्या आसपास राहतात.

सोया वडीकडे विशेष लक्ष द्या. तेल काढलेल्या सोयाबीनच्या पिठापासून ती बनते आणि शंभर ग्रॅममध्ये सुमारे ५० ग्रॅम प्रथिने देते. ५० ग्रॅम वडीतून जेवढी प्रथिने मिळतात, साधारण तेवढीच एका चमचाभर महागड्या पावडरीतून मिळतात. वडीचा खर्च पाच-सात रुपये, पावडरीचा त्याच्या कितीतरी पट. पावडर काही विष नाही, पण जादूही नाही. तेही एक वाळवलेले अन्नच.

घरचे सोयाबीन वापरायचे असेल तर ते कच्चे कधीही खाऊ नका. त्यात प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेने नष्ट होतात. रात्रभर भिजवा, पाणी फेका, कुकरमध्ये चांगले शिजवा. उकडून वाळवलेले सोयाबीन दळणात टाकायचे तर नऊ किलो गव्हाला एक किलो पुरे. सोयाबीनने पुरुषांचे हार्मोन बिघडते, ही भीती आजवरच्या अभ्यासांत खरी ठरलेली नाही. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोया यांत काही तासांचे अंतर ठेवावे. आणि स्वस्त मिळते म्हणून लाखोळीच्या डाळीवर रोजचे पोट भरू नका. दीर्घकाळ जास्त खाल्ल्यास तिने पाय लुळे पडू शकतात.

चरबी उपाशी राहून जात नाही

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात. रोज लागतात त्यापेक्षा ४०० उष्मांक कमी घेतले तर आठवड्याला साधारण ३५० ग्रॅम आणि तीन महिन्यांत चार किलोच्या आसपास चरबी उतरते. यापेक्षा घाई केली की शरीर स्नायूही खर्च करते. त्या मुलीला चक्कर आली ती यामुळेच. ती चरबी कमी करत नव्हती, ताकद कमी करत होती.

नुसत्या पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही. ती सगळ्या शरीरातून हळूहळू उतरते. म्हणून रोज आरशात पाहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा टेपने कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रियांची ८० च्या वर गेली की मधुमेह-हृदयविकाराचा धोका वाढतो.

४०० उष्मांक कोठून कमी करायचे? जेवणातून नाही. दिवसात पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, यातच १६० ते २०० उष्मांक जातात. चौकातला आलुबोंडा, समोसा आणि तर्रीवरचा तेलाचा तवंग हे उरलेले. ते काढले की डाळ-भाकरीला हात लावावा लागत नाही. जो मुळात बारीक आहे त्याने याच्या उलट करावे, दोन भाकरी आणि एक मूठ शेंगदाणे वाढवावे.

संयुत्त निकायातल्या दोणपाक सुत्ताची इथे आठवण होते. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भाताचे जेवण करून धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला ना उपास सांगितला, ना औषध. सजग राहून, प्रमाण ओळखून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. सुदस्सन नावाच्या तरुणाने ती पाठ केली आणि राजाच्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणू लागला. राजा हळूहळू नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले. यातला 'हळूहळू' महत्त्वाचा.

व्यायामाशिवाय डाळ नुसतीच पचते

प्रथिने म्हणजे विटा. भिंत बांधायला कारण व्यायाम देतो. नुसते धावून छाती-खांदे भरत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस जोर, बैठका, बारवर लटकून हनुवटी वर नेणे, आणि वाळूने भरलेले पोते खांद्यावर घेऊन चालणे. प्रत्येकाचे तीन सेट, शेवटचे दोन-तीन जोर कष्टाने निघतील इतके. दर आठवड्याला थोडे वाढवा, कारण आज जेवढे जमते तेवढेच सहा महिने करत राहिलात तर स्नायूंना वाढायचे कारण उरत नाही. सात-आठ तास झोप घ्या. आणि जिममध्ये कोणी इंजेक्शन सुचवले तर तिथून उठून या.

या तपासण्या आधी करा

विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. आदिवासी बांधवांबरोबर आपल्या बौद्ध समाजातही तो बराच आढळतो. तरीही भरतीच्या मैदानात उतरणाऱ्या अनेकांना आपण वाहक आहोत की नाही हे ठाऊक नसते. शासकीय रुग्णालयात ही तपासणी होते. वाहक असलेला तरुण धावू शकतो, व्यायाम करू शकतो. पण उन्हात, पाण्याविना, एकदम जोर लावून केलेल्या सरावात त्याचे स्नायू मोडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्याने सराव हळूहळू वाढवावा, पाणी सोबत ठेवावे, एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत घरी यावे. प्रत्यक्ष सिकलसेलग्रस्त असणाऱ्यांनी व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा आणि लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

दुसरी तपासणी हिमोग्लोबिनची, विशेषतः मुलींची. डाळ-पालेभाजीतले लोह अंगी लागायचे तर जेवणात लिंबू किंवा आवळा हवा, आणि जेवणानंतर तासभर चहा नको. तिसरी बी-१२ ची. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध, अंडी, मांस काहीच न घेणाऱ्याने बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावीच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने वाढवण्याआधीही डॉक्टरांना विचारा.

मुलींच्या ताटाचे काय?

समाजशास्त्र शिकताना घरातल्या अन्नवाटपावर वाचले होते. कामाला लागल्यावर ते घराघरांत पाहिले. भाऊ भरतीची तयारी करतो म्हणून त्याच्या वाटीत डाळीचा गोळा, आणि बहीणही तीच तयारी करते तरी तिच्या वाटीत वरचे पाणी. ८०० मीटर धावायला, ४ किलोचा गोळा फेकायला तिलाही स्नायू लागतात. समतेची भाषा आपण व्यासपीठावर बोलतो, ती आधी वरणाच्या डावाला कळली पाहिजे.

म्हणून प्रत्येक अभ्यासिकेने एवढे करावे. एक वजनकाटा आणि एक टेप ठेवावा. वर्गणी काढून महिन्याची सोया वडी, हरभरे, फुटाणे एकत्र घ्यावेत, घाऊक भाव पडतो. सकाळच्या धावण्यानंतर भिजवलेल्या हरभऱ्याची वाटी सगळ्यांना सारखी मिळावी. आणि पुढच्या जयंतीच्या वर्गणीतून थोडे बाजूला काढून, सगळ्यांची सिकलसेल आणि हिमोग्लोबिनची तपासणी एकाच दिवशी करून घ्यावी.

त्या मुलीने रात्रीचे जेवण पुन्हा सुरू केले आहे. चहाची साखर मात्र तिने सोडली.