रक्ताची वाट (भाग ६) : ताठरतेसाठी सैलपणा

गेल्या भागात चालताना पोटऱ्या का भरून येतात ते पाहिलं. वाहिन्या अरुंद होण्याच्या त्याच रोगाची आणखी एक खूण आहे : लिंगाला ताठरता न येणं. तिच्याविषयी पुरुष बायकोपाशीही धड बोलत नाही, डॉक्टर तर लांबच. मग एसटी स्टँडच्या भिंतीवरची ‘गुप्तरोग’वाल्यांची जाहिरात तेवढी वाचली जाते.

लिंगातल्या वाहिन्या आणि आतल्या स्पंजासारख्या पोकळ्यांचे स्नायू एरवी आवळलेलेच असतात. उत्तेजना आली की मज्जातंतू आणि वाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतात, स्नायू सैल पडतात आणि रक्त आत घुसतं. फुगलेल्या पोकळ्या रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबून धरतात. ताठरता येते ती अशी, स्नायू सोडल्यानं!

१९८३ साली लास व्हेगासच्या वैद्यकीय परिषदेत ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी याचा पुरावा स्वतःच्या अंगावर दिला. वाहिन्या सैल करणारं औषध त्यांनी व्याख्यानाआधी लिंगात टोचून घेतलं होतं. स्लाइड संपल्यावर गृहस्थांनी सरळ पँट खाली केली. मूत्ररोगतज्ज्ञांचीही त्या दिवशी भंबेरी उडाली, पण मुद्दा पटला.

आता उलटी बाजू. भीतीनं अॅड्रेनलिन वाढतं आणि वाहिन्या आवळतात; एकदा फजिती झाली की पुढच्या खेपेला तिचीच धास्ती आड येते. पहाटेची ताठरता नीट येत असेल, तर अडचण बहुधा मनाची. तीही हळूहळू ओसरू लागली, तर संशय वाहिन्यांवर जातो.

निकोटिनही वाहिन्या आवळतं. नगर शहर आणि संगमनेरला हे खास सांगायला हवं, कारण विडीचा धंदा इथला जुना. सुपात तंबाखू आणि टेंभुर्णीची पानं घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या हातांवर इथले कित्येक संसार उभे राहिले. ओढणाऱ्याला मात्र विडीचा हिशेब वेगळा द्यावा लागतो. एका विडीनं आवळलेली वाहिनी पुन्हा सुटते. पण वर्षानुवर्षांचा तंबाखू, मधुमेह आणि रक्तदाब अस्तरच खराब करतात. नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, चरबीचे थर बसतात आणि अरुंदपणा कायमचा होतो.

लिंगाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. पाटात गाळ साचला की आधी पोटचारी कोरडी पडते, तसं हे. म्हणूनच अनेक रुग्णांत ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या लक्षणांआधी दोन ते पाच वर्षं सुरू झालेली आढळते. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसानं ही तक्रार घेऊन गेल्यावर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासलंच गेलं पाहिजे. नुसती गोळी लिहून देणं म्हणजे अर्धीच तपासणी.

त्या गोळीचं मूळही हृदयातच आहे. सिल्डेनाफिलची चाचणी आधी छातीतल्या कळांसाठी चालली होती. १९९८ साली अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली ती ताठरतेसाठी. मेडिकलमधून परस्पर गोळी आणणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट आणि ही गोळी एकत्र आली तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि त्याच जातीची टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही. छातीत कळ घेऊन दवाखान्यात पोचलेल्यानं लाज बाजूला ठेवून आधी ही गोळी घेतल्याचं डॉक्टरांच्या कानावर घालावं.