डब्यांतील मळा

मुंबईच्या चाळींत वाढलेल्या मुलास "मेथी कोठून येते?" असें विचारलें, तर "दादरच्या बाजारांतून" असें उत्तर मिळतें. हें उत्तर खोटें नाहीं, परंतु तें अपुरें आहे. गिरगांव, परळ, लालबाग या भागांत कोंकणांतून व घाटावरून कितीतरी कुटुंबें येऊन राहिलीं. ज्यांच्या आज्यानें भात लाविला, त्या नातवंडांस बीं रुजतांना पाहण्याचा योग येऊं नये, ही खेदाची गोष्ट होय. ही उणीव थोड्या खटपटीनें कशी भरून काढतां येईल, तें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शहरांत अन्न पिकविणें ही कल्पना नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. त्याच सुमारास "अधिक धान्य पिकवा" ही सरकारी मोहीमहि चालू होती. आणि चाळीच्या गॅलरींत डब्यांत लाविलेली तुळस कोणीं पाहिली नाहीं? जेथें तुळस वाढते, तेथें मिरची कां वाढूं नये?

याचें उत्तम उदाहरण आपल्याच शहरांत घडलें. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या अधिकारी प्रीती पाटील यांनीं या शतकाच्या आरंभीं तेथील गच्चीवर मळा फुलविला. रोज निघणारे भाजीचे देठ व फळांच्या साली फेंकून न देतां त्यांनीं त्यांचीच माती केली. पुढें 'अर्बन लीव्ह्ज' या नांवानें माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेच्या गच्चीवर नागरिकांनीं मिळून शेती केली. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनीं 'प्रयोग परिवारा'तून हाच धडा दिला होता कीं, पालापाचोळा हा केर नव्हे, तें मातीचें अन्न होय.

आतां कृति पाहूं. १५ लिटरचा खाद्यतेलाचा रिकामा डबा घ्यावा; रंगाचा वा रसायनाचा घेऊं नये. तळाशीं पांच-सहा छिद्रें पाडावीं. आमच्या वर्गांतील मुलांनीं प्रथम छिद्रें न पाडतांच मेथी पेरली. पाणी सांचलें, मुळांस हवा मिळेना, व आठवड्याच्या आंत रोपें कुजलीं. मुलें हिरमुसलीं खरीं. परंतु मुळेंहि श्वास घेतात, हें त्या दिवशीं त्यांस पुस्तकावांचून समजलें.

तळाशीं नारळाची शेंडी, तीवर सुकीं पानें, मग बारीक चिरलेला भाजीचा कचरा व थोडी माती असे थर द्यावे. ओला कचरा नेहमीं सुक्या पानांनीं झांकावा, म्हणजे आंत हवा खेळते व दुर्गंधि येत नाहीं. दोन-तीन महिन्यांत काळी, भुसभुशीत माती तयार होते. मग मेथी पेरावी. ती तीन-चार आठवड्यांत खुडण्याजोगी होते. मिरचीस सहा तास ऊन हवें. जेथें ऊन थोडें, तेथें अळूं वा पुदिना लावावा.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो, आणि भिजलेली माती त्याहूनहि जड. म्हणून जुन्या चाळीच्या सज्जावर डब्यांची रांग मांडूं नये, चौकांत मांडावी. गच्चीवर मांडावयाची तर आधीं जाणत्या इंजिनियरास विचारावें. दुसरें असें कीं, डब्याखालच्या ताटलींत सांचलेल्या पाण्यांत डेंग्यूचे डास होतात. ती आठवड्यांतून एकदां तरी कोरडी करून घासावी.

हें काम एकट्याचें नव्हे. मे महिन्यांत अर्धी चाळ गांवीं जाते. त्या वेळीं मागें राहिलेल्या शेजाऱ्यांनींच पाणी घालावें लागतें. यास्तव पाळ्या व भाजीची वांटणी आधींच ठरवून घ्यावी.

एका डब्यावर कोणाचें कुटुंब पोसत नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि एका जुडीसाठीं महिनाभर वाट पाहिलेलें मूल ताटांतील भाजी सहसा टाकीत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.