बाबांचे लेख आणि हरवलेला फॉन्ट

बाबांनी 2003 साली टंकलेले लेख परवा नव्या लॅपटॉपवर उघडले, तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची भेळ! आईला वाटलं, सगळं गेलं. गेलं काहीच नव्हतं. जुने मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. फॉन्ट नसला की मूळचं रोमन उघडं पडतं.

जुन्या सीडीत तो फॉन्ट सापडला. त्यावर राइट-क्लिक करून ‘इन्स्टॉल’ केलं आणि बाबांची मराठी परत आली. मग फाइलींची प्रत काढून, कन्व्हर्टरने मजकूर युनिकोड या प्रमाण संकेतप्रणालीत आणला. तिथे डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. त्यामुळे वेलांट्या आणि रफार हमखास घसरतात.

आता आईही लिहिते. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की कळफलक बदलतो. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकात स्वर डावीकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे. ‘के’वर क, ‘डी’वर हलन्त.

तुमच्याही घरात अशा फाइली असतील. फॉन्ट हाताशी आहे तोवर त्या युनिकोडमध्ये आणून ठेवा.